पोरं, मोबाईल आणि संशोधन: ह्या विषयात आयुष्य घालवणारी माणसं नक्की करतात काय?

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालच्या पोरांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब असल्या ठिकाणी अकाउंट ठेवता येत नाही. ठेवू दिलं तर दंड पोराला नाही, आईबापाला पण नाही, थेट कंपनीला, आणि तो जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. ही बातमी आल्यापासून कोल्हापुरात कुठलीही पालकसभा असू दे, राजारामपुरीत असो नाहीतर उचगावला, हा विषय निघतोच. "आमचं जेवताना पण मोबाईलच बघायलंय, काय करायचं सांगा" असं एकजण म्हणतो आणि मग सगळेच सुरू होतात, आपल्याकडं बंदी कधी येणार, सरकार झोपलंय का, वगैरे.

मी ह्याच विषयात काम करते. लहान मुलं आणि तरुण पोरं मीडिया कसा वापरतात, त्याचं त्यांच्या आयुष्यात काय होतं, ह्याचा अभ्यास. लोक मला दोन गोष्टी विचारतात. पहिली, मोबाईल चांगला का वाईट ते एका वाक्यात सांगा. दुसरी, ह्यात पीएचडी करण्यासारखं काय आहे, सगळं तर डोळ्यासमोर दिसतंय. खरं सांगायचं तर पहिल्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणूनच दुसऱ्यातलं, पीएचडीचं काम लागतं, त्यामुळं आज जरा सविस्तर लिहिते.

मीडिया म्हणजे फक्त मोबाईल नाही

ह्या क्षेत्रात मीडिया म्हटलं की सिनेमा, रेडिओ, टीव्ही, गोष्टीची पुस्तकं, कॉमिक्स, व्हिडिओ गेम, व्हॉट्सअॅप, रील्स आणि आता एआय चॅटबॉट, सगळंच आलं. आणि हे काम एकाच डिपार्टमेंटचं नाही. मानसशास्त्रवाला बघतो की पोराच्या झोपेवर, मूडवर, लक्षावर काय होतंय. समाजशास्त्रवाली बघते की घरात फोन कुणाच्या हातात असतो आणि कुणाला मागून घ्यावा लागतो. शिक्षणशास्त्रातला माणूस विचारतो पोरगं त्यातून शिकतंय काय, कायदेवाला विचारतो पोराची माहिती कोण गोळा करतंय, आणि मास कम्युनिकेशनवाले म्हणजे आमच्यासारखे, स्क्रीनवर दिसतंय काय आणि पोरगं त्याचा अर्थ काय लावतंय ते बघतात. हे सगळे एकमेकांशी भांडतात पण, आणि ते भांडण चांगलं असतं.

काळजी जुनीच आहे, कोल्हापूरला तर चांगलीच माहीत असेल

१९२९ साली आपल्या कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. त्याच सुमारास तिकडं अमेरिकेत सिनेमानं पोरं बिघडतात का हे शोधायला पेन फंड नावाच्या संस्थेच्या पैशातून एक मोठा अभ्यास चालू झाला, पोरांची झोप मोजली, त्यांना सिनेमातलं काय आठवतं ते विचारलं, भीती वाटते का बघितलं, आणि १९३३ पासून त्याचे खंड छापून आले. म्हणजे आज रील्सबद्दल जे विचारतोय तेच तेव्हा सिनेमाबद्दल विचारत होते.

पुढं १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये टीव्ही घराघरात जायला लागला. हिल्डे हिमेलवाइट नावाच्या बाई होत्या, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामाजिक मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांनी टीव्ही असलेल्या आणि नसलेल्या घरातली पोरं तर ताडून बघितलीच, पण नॉरिच गावात टीव्हीचं प्रक्षेपण पोचायच्या आधी तिथल्या पोरांची माहिती घेऊन ठेवली आणि टीव्ही आल्यावर परत त्याच पोरांकडं गेल्या. आता हे आधी का करायचं? कारण टीव्ही आल्यावरच जर गेलात तर ज्या घरात टीव्ही आहे ते घर आधीपासूनच वेगळं असतं, पैसा वेगळा, सवयी वेगळ्या, मग पोरात दिसणारा फरक टीव्हीचा का घराचा हे सांगताच येत नाही. आधी आणि नंतर, तीच पोरं, ही युक्ती आजही सोन्यासारखी आहे. मोबाईलच्या बाबतीत ती संधी जगानं बऱ्यापैकी घालवली.

आणि हे सगळं गोऱ्यांनीच केलं असं समजू नका. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, एक वर्ष, इस्रोनं नासाचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही दाखवला. साइट म्हणतात त्या प्रयोगाला. कर्नाटकातली गावं होती, आंध्र, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थानातली होती, आपला महाराष्ट्र नव्हता. सकाळी शाळेतल्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती आणि आरोग्य. यशपाल तेव्हा अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरचे प्रमुख होते. मला ह्यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट उपग्रह नाही, तर इस्रोनं मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही गावांत मुक्कामाला पाठवले, लोक आणि पोरं टीव्हीसमोर बसून करतात काय ते तिथं राहून बघायला. अवकाश संस्थेला पन्नास वर्षांपूर्वी जे सुचलं ते आज पोरांसाठी अॅप विकणाऱ्या किती जणांना सुचतं?

"किती तास?" एवढंच विचारून काय कळत नाही

स्क्रीन टाइम हा शब्द सगळ्यांना पाठ झालाय. पोरगं दिवसात किती तास स्क्रीनसमोर असतं तो आकडा.

आता बघा, कुणीतरी सांगितलं की आमचं पोरगं रोज तीन तास तालमीत असतं. एवढ्यावरून तुम्हाला काय कळलं? तो तीन तास जोर-बैठका मारतो का, हौद्यात उतरून लाल मातीत लढत करतो का, वस्तादांची नजर त्याच्यावर असते का, का बाहेर कट्ट्यावर बसून नुसत्या गप्पा हाणतो, का कुणीतरी मोठं पोरगं त्याला तिथं रोज त्रास देतंय आणि तो घरात सांगत नाही, तीन तास हा आकडा सगळ्यांचा सारखाच येतो. मोबाईलचं पण तसंच आहे. एक पोरगी तीन तास स्कॉलरशिपचे व्हिडिओ बघते, दुसरी तीन तास अशा माणसाशी चॅट करते जो स्वतःला पंधरा वर्षांचा म्हणवतो आणि असतो चाळीसचा. आकडा एकच.

त्यात तो आकडा पण खरा नसतो. २०२१ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि फोनमध्ये नोंदलेला वापर ह्यांची तुलना केली, तर दोन्हींचा मेळ मध्यमच बसला. माणसं मुद्दाम खोटं बोलतात असं नाही, अंदाजच येत नाही. तुम्ही आज किती वेळा फोन उचलला सांगता येईल का?

म्हणून तासांच्या पलीकडं बघावं लागतं. युरोपात २००६ पासून ईयू किड्स ऑनलाइन नावाचं संशोधकांचं जाळं आहे, २०१० मध्ये त्यांनी २५ देशांतल्या ९ ते १६ वयाच्या पंचवीस हजारांवर पोरांना त्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारले. त्यांच्या कामातून एक मांडणी पुढं आली ती मी पालकांना नेहमी सांगते कारण ती कामाची आहे. धोका चार दारांनी येतो. पोराला काय दिसतं, म्हणजे हिंसा, अश्लील गोष्टी, खोटी माहिती. पोरापर्यंत कोण पोचतं. पोरगं स्वतः काय करतं, म्हणजे वर्गातल्या पोरीचा फोटो फिरवणं, ग्रुपवर कुणालातरी टार्गेट करणं. आणि चौथं, ज्याकडं आपण बघतच नाही, अॅप पोराकडून काय काढून घेतं, त्याची माहिती, त्याचा वेळ, गेममधल्या खरेदीत बापाचे पैसे.

आणि अजून एक, धोका म्हणजे नुकसान नाही. ज्या पोरांना काहीतरी वाईट दिसलं त्या सगळ्यांना त्रास झाला असं त्या सर्वेत आलं नाही. उलट जी पोरं नेट जास्त वापरत होती त्यांना धोके पण जास्त भेटले, आणि शिकायला, करायला पण जास्त मिळालं. रस्त्यावर गाड्या आहेत म्हणून पोराला घरात कोंडत नाही आपण, रस्ता ओलांडायला शिकवतो, पण त्याचबरोबर शाळेसमोर स्पीडब्रेकर पण मागतो. ती दुसरी मागणी कंपन्यांकडं करायला आपण विसरतो.

मग मोबाईलनं डिप्रेशन येतं का नाही?

इथं खरोखर वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूला शहाणी माणसं आहेत.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट म्हणतात की २०१२ च्या आसपास अमेरिकेत आणि आणखी काही देशांत पोरींचं नैराश्य वाढायला लागलं आणि तोच काळ स्मार्टफोन आणि सोशल मीडिया हातात यायचा, त्यामुळं हे मोठं कारण आहे. दुसऱ्या बाजूला एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की ह्या दोघा संशोधकांनी २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांवर पोरांची माहिती तपासली. पोरापोरांच्या मनःस्थितीत जो फरक असतो, कुणी खूश कुणी उदास, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग तंत्रज्ञानाच्या वापराशी जुळत होता. हजारातले चार भाग. त्याच माहितीत चष्मा लावण्याचा उदासीशी ह्यापेक्षा जास्त संबंध निघाला आणि बटाटे खाण्याचा जवळपास तेवढाच. चष्म्यानं डिप्रेशन येतं असं कुणी म्हणणार नाही, आणि मुद्दा तोच आहे, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं नसतं. ह्याला सहसंबंध म्हणतात, कारण वेगळं आणि सहसंबंध वेगळा.

इचलकरंजीतलं एक घर डोळ्यासमोर आणा. बाप लूमवर रात्रपाळीला, आई पण कामाला, पोरगं संध्याकाळी एकटं. ते मोबाईल पण जास्त बघणार आणि उदास पण जास्त असणार. मोबाईल काढून घेतला तर एकटेपणा जाईल का?

पण म्हणून काळजीच नको असं पण नाही, आणि ०.४ टक्के वाचून लगेच निवांत होणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. तो सगळ्यांचा मिळून आकडा आहे. शंभरातल्या पंच्याण्णव पोरांना काहीच होत नसेल आणि पाच जणांचं आयुष्य खरंच विस्कटत असेल तरी एकूण आकडा लहानच येतो, आणि ते पाच कुणाच्या तरी घरातले असतात. ऑर्बेन ह्यांनीच सहकाऱ्यांबरोबर २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ८४ हजार लोकांची माहिती बघितली तेव्हा वयाचा फरक दिसला. पोरींमध्ये ११ ते १३ आणि पोरांमध्ये १४-१५ ह्या वयात सोशल मीडियाचा जास्त वापर आणि वर्षभरानंतर आयुष्याबद्दल कमी समाधान ह्यांचा संबंध ठळक होता, आणि १९ च्या आसपास दोघांतही परत. म्हणजे सहावी-सातवीतल्या पोरीला आणि नववीतल्या पोराला एकच नियम लावणं बरोबर नाही.

"पोरांना काय विचारायचं, ती खोटंच सांगणार"

हा आक्षेप शिक्षकांकडून पण येतो. माझा अनुभव उलटा आहे, पोरं मोकळेपणानं सांगतात, फक्त विचारणारा माणूस पोलीस वाटता कामा नये. पोराला म्हणायचं, तुझा फोन तूच हातात धर, तूच स्क्रोल कर आणि मला सांग हे काय आहे, तुला हे का आवडलं, हे पुढं का ढकललंस. वीस मिनिटांत जे कळतं ते शंभर प्रश्नांच्या फॉर्ममधून कळत नाही. काही अभ्यासात पोरं आठवडाभर वही लिहितात, काही अभ्यासात फोनवर दिवसातून चार-पाचदा छोटा प्रश्न येतो, आत्ता काय करतोयस, कसं वाटतंय. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये तर परवानगी घेऊन दर पाच सेकंदाला स्क्रीनचा फोटो साठवायची पद्धत काढली.

प्रश्न मात्र आपल्या घरांसारखे पाहिजेत. परदेशी फॉर्ममध्ये "तुझा फोन" असतो. आपल्याकडं फोन बापाचा, तो संध्याकाळी सातला घरी येतो, मग नऊपर्यंत दोघा भावंडांत वाटणी, आणि पोरगी असेल तर स्वयंपाकाला हात लावून झाल्यावर तिचा नंबर. असर ह्या देशभरच्या शिक्षणाच्या पाहणीत, २०२४ च्या ग्रामीण फेरीत, १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के पोरांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण त्यातल्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडं आणि पोरींपैकी २७ टक्क्यांकडंच स्वतःचा फोन होता. त्याच पाहणीत आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली ५७ टक्के, सोशल मीडियासाठी ७६ टक्के. ह्यातला पोरा-पोरींचा फरक पालकसभेत कुणीच काढत नाही, तिथं सगळ्यांना फोन जास्त आहे एवढंच बोलणं असतं. बऱ्याच पोरींना तो कमी आहे.

परवानगीचा भाग तर लोकांना माहीतच नसतो. अठराच्या खालच्या पोराशी बोलायचं तर आधी संस्थेच्या नीतिविषयक समितीची मंजुरी, मग पालकांची लेखी संमती, आणि शिवाय पोराची स्वतःची. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत साधारण ७ ते १२ वयाला तोंडी होकार आणि १२ ते १८ ला लेखी असं सांगितलंय. बाप हो म्हणाला आणि पोरगं नको म्हणालं तर नको. नंतर बाप विचारतो, काय म्हणालं हो आमचं पोरगं, तर सांगायचं नसतं. मग पोरानं लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर? तिथं गुप्तता संपते, २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, आणि हे पोराला बोलायच्या आधीच सांगावं लागतं. माझ्या मते ह्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, ते वाक्य कसं सांगायचं की पोरगं घाबरणार पण नाही आणि फसवल्यासारखं पण होणार नाही.

ह्यात करिअर होतं का, पोट भरतं का?

होतं, पण वेळ लागतो. एक मोठं उदाहरण ब्रिटिश संशोधक सोनिया लिव्हिंगस्टन. सुरुवात मानसशास्त्रातून, टीव्हीवरच्या मालिका बघणारी माणसं त्यांचा अर्थ कसा लावतात ह्यावर. मग पोरं आणि बदलता मीडिया, मग इंटरनेट, वर सांगितलेलं युरोपचं जाळं त्यांनीच उभं केलं, युनिसेफबरोबर युरोपाबाहेरच्या देशांत पण काम नेलं. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं डिजिटल जगातल्या पोरांच्या हक्कांवर २५ क्रमांकाची सर्वसाधारण टिप्पणी काढली, म्हणजे बालहक्क करारातलं कलम आजच्या काळात कसं वाचायचं त्याचा खुलासा, तिच्या मसुद्याच्या कामात त्या होत्या आणि त्यासाठी २८ देशांतल्या ७०९ पोरांशी बोलणं झालं. तो करार भारतानं १९९२ मध्ये स्वीकारलाय, म्हणजे हे आपल्याला पण लागू. मालिकांच्या प्रेक्षकांपासून संयुक्त राष्ट्रांपर्यंत, मध्ये तीसेक वर्षं.

आपल्याकडची वाट अशी. मास कॉम, मानसशास्त्र, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा होम सायन्समधलं मानव विकास, ह्यातलं एक एमए किंवा एमएस्सी. मग नेट नाहीतर सेट ह्या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, विद्यापीठाची पेट म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, गाइड मिळणं, कोर्सवर्क, आणि पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारण सहा वर्षांपर्यंत. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, पुढं ४२ हजार, नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणं. पैसे वेळेवर येत नाहीत ही तक्रार सगळीकडं ऐकू येते आणि ती खरी आहे. पीएचडी झाली तरी कायम नोकरी लगेच नाही, बरीच पोरं वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे घेऊन, शिकवतात, हे लपवून कुणाला ह्या वाटेला लावणं मला पटत नाही. विद्यापीठाबाहेर पण काम आहे, बालहक्कावर काम करणाऱ्या संस्था, शिक्षणातल्या पाहण्या, पोरांचे कार्यक्रम बनवणारे. अॅप कंपन्या पण संशोधक घेतात आणि पगार चांगला देतात, फक्त तिथं जे सापडेल ते छापता येईलच असं नाही. पोरं काय बघतात ह्याची सगळ्यात चांगली माहिती त्याच कंपन्यांकडं पडून आहे आणि बाहेरच्या संशोधकाला ती मिळत नाही, ह्याचा मला मनापासून राग आहे.

"संशोधन होईपर्यंत पोरं म्हातारी होतील, सरळ बंदी घाला"

पहिला भाग बरोबर आहे. टीव्हीवरचा अभ्यास पाच वर्षं चालला तरी टीव्ही टीव्हीच राहायचा, इथं पीएचडी रजिस्टर करताना जे अॅप होतं ते व्हायवापर्यंत, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत, राहील का सांगता येत नाही. म्हणून अॅपच्या नावावर काम करू नये, न संपणारं फीड, आपोआप चालू होणारा पुढचा व्हिडिओ, अनोळखी माणसाचा मेसेज, असल्या रचनेवर करावं, त्या टिकतात.

बंदीचं काय होतं त्याचा थोडा अनुभव आपल्याला आहे. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, कारण सुरक्षेचं होतं, पण जुलैमध्ये इन्स्टाग्रामचं रील्स आलं आणि पोरं तिकडं. शाळेतल्या मोबाईलबंदीवर बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ३० शाळा आणि १२२७ पोरं घेऊन अभ्यास केला, २०२५ मध्ये आला. बंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या पोरांच्या मानसिक आरोग्यात फरक दिसला नाही, मात्र दिवसभरात एकूण जी पोरं फोन जास्त वापरत होती त्यांचं झोप, व्यायाम, अभ्यास सगळंच जरा कमी होतं. म्हणजे फक्त शाळेच्या गेटवर फोन जमा करून काम होत नाही, घरच्या वेळेचं काय?

इथं आपल्या शेजारचं एक उदाहरण मला जास्त आवडतं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. २०२२ मध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा, साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद, मोठ्यांचे पण. ह्यात पोराला एकट्याला शिक्षा नाही. ह्याचा पोरांवर नक्की काय परिणाम झाला हे आधी-नंतर मोजायला हिमेलवाइट बाईंसारखं कुणीतरी तिथं पाहिजे होतं असं मला सारखं वाटतं.

कायदा आपल्याकडं पण आलाय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात अठराखालचं प्रत्येक लेकरू मूल धरलंय, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागणार, त्याच्या वागण्यावर पाळत आणि त्याला टार्गेट करून जाहिराती मना, मोडलं तर दोनशे कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. कागदावर चांगलं आहे. पण ज्या घरात बापाच्या फोनवरचा ओटीपी पोरगंच वाचून सांगतं, आईचं अकाउंट लेकीनंच काढून दिलेलं असतं, तिथं पालकांची संमती म्हणजे प्रत्यक्षात कुणाची? हे दिल्लीत बसून कळणार नाही, घरात जाऊन बघावं लागेल.

"ते सगळं राहू दे, माझ्या पोराचं काय करू?"

जेवढं पक्कं आहे तेवढं सांगते. पाचच्या आतल्या पोरांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, एक वर्षाच्या बाळाला पण स्क्रीन दाखवत बसवू नका, दोन ते चार वयात जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढं बरं. मोठ्यांसाठी पहिलं झोप बघा, फोन रात्री पोराच्या उशाशी नको. दुसरं, ते कुणाशी बोलतंय हे त्यानं आपणहून सांगावं असं नातं ठेवा, कारण काहीतरी वाईट झाल्यावर फोन काढून घेतील ह्या भीतीनंच पोरं गप्प बसतात.

पोरगं गेम खेळतं म्हणजे व्यसनी झालं असं नाही. गेमिंग डिसऑर्डर हा आजार आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, पण ताबाच राहत नाही, बाकी सगळं सोडून गेम, नुकसान दिसत असून पण चालूच, आणि हे साधारण वर्षभर, तेव्हा डॉक्टर तसं म्हणतात. बेंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून ह्यासाठी वेगळं क्लिनिक आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, पोरावर संकट असेल तर चाइल्डलाइन १०९८, ऑनलाइन पैसे गेले तर १९३०, हे तीन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

कोल्हापुरात शोधायचं काय बाकी आहे

जवळपास सगळंच. वर आजच्या पोरांचे जे आकडे दिले ते बघा, ब्रिटन, युरोप, अमेरिका, आणि आपलं म्हणावं असं फक्त असर. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत पाठवलं नाही तर बापाला दंड, म्हणजे पोराचं भलं ही फक्त घरची गोष्ट नाही हे इथं शंभर वर्षांपूर्वीच ठरलंय. १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. विषय दारात पडलेत.

दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, कारखाना बंद होईपर्यंत पोरं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. शाळा तुटलेली, आईबाप पहाटे फडात, आणि कोपीत एक फोन. ते पोरगं त्यावर काय बघतं, गावाकडच्या मित्रांशी, शाळेशी त्यातून काही धागा राहतो का, धाकट्याला गप्प ठेवायला तो फोन लागतो का, चार्जिंग कुठं करतात? एमपीएससीची तयारी करणारी पोरं खोलीवर बसून दिवसाला किती मास्तर यूट्यूबवर बदलतात? मंडळाच्या रील्समध्ये दिसण्यासाठी गल्लीतली पोरं काय काय करायला तयार होतात, आणि त्याच गल्लीतल्या पोरींना रील टाकायची परवानगी कोण देतं किंवा देत नाही?

एमएच्या शेवटच्या वर्षाला जी पोरं माझ्याकडं विषय विचारायला येतात त्यांना मी एकच सांगते, "सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम" असलं शीर्षक आणू नका, ते कुणालाच पेलत नाही. एक शाळा घ्या, एक इयत्ता घ्या, संमतीचे फॉर्म सोप्या मराठीत लिहा, आणि पहिले पंधरा दिवस प्रश्नावली न काढता पोरांबरोबर बसून ती काय दाखवतात ते बघा. पेटचा फॉर्म त्यानंतर भरा.